गोटमारीपलीकडच्या जखमा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात दरवर्षी जी गोटमार होते, तिचे वृत्त देशातील बहुतेक वृत्तपत्रे छापतात. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवायचे, त्यावर निशाण लावायचे आणि ते काबीज करण्यासाठी दोन्ही काठांवरून परस्परांवर दगडांचा वर्षाव करायचा, असा हा प्रकार. त्यात शेकडो माणसे जखमी होतात; काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदीहुकूम काढून पाहिले. गोटमार थांबलेली नाही. त्या दिवशी मात्र काठावर वैद्यकीय पथके असतात, रुग्णवाहिका सज्ज असतात, वरिष्ठ अधिकारी जातीने हजर असतात आणि डोके फुटलेल्या माणसाला जागच्या जागी टाके पडतात. या प्रथेवर टीकेची झोड उठवण्याचा आज आमचा हेतू नाही. शिरगावच्या जत्रेत लईराईचे धोंड धगधगत्या निखाऱ्यांवरून चालतात, ते भक्तिभावाने पाहणाऱ्या आम्हां गोमंतकीयांनी पांढुर्णेकरांना शहाणपण शिकवायला जाणे शोभणारेही नाही.

आमचे लक्ष वेधले आहे ते त्याच मुलुखातील दुसऱ्या जखमांकडे. त्या वर्षातील एका दिवसाच्या नसतात, तीनशे पासष्ट दिवसांच्या असतात. त्यांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. संत्र्याच्या बागेत बाभळीचा काटा पायात रुततो, पाय आधीच बधिर असल्यामुळे तो रुतल्याचे कळत नाही, आठवड्याभराने मोजा किंवा अंथरूण ओले झालेले दिसते तेव्हा घरच्यांना पत्ता लागतो. मग हळद, मग गावातल्या दुकानातले मलम, मग आठवडी बाजाराच्या दिवशी डॉक्टर, मग नागपूर. नागपूरला पोचेपर्यंत पायाचा अंगठा काळा पडलेला असतो. टाके घालून मिटणारी ही जखम नव्हे. महिनोन्महिने वाहणारी, एकदा मिटून पुन्हा फुटणारी, माणसाला कामातून उठवणारी ही जखम आहे. सुश्रुताने तिला दुष्टव्रण म्हटले आणि व्रणाच्या उपचारांसाठी साठ उपक्रम सांगितले. साठ उपक्रम सांगावे लागले, यातच त्या वैद्यराजाने या व्याधीचा चिवटपणा ओळखला होता हे दिसून येते.

पांढुर्णा आणि सौंसर हा भाग आमच्या वाचकांना दूरचा वाटेल. पण या भागाशी आमचे एक नाते आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर पडले, छिंदवाड्याचा हा दक्षिणेकडील मराठी पट्टा मात्र तेथेच राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारपेठ आणि इस्पितळ नागपूरला, मतदान भोपाळसाठी, अशी या लोकांची वाटणी झाली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणारे आपण एकटेच नाही, हे गोव्यातील वाचकांनी अधूनमधून आठवावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे जिल्हाधिकारी मिळतात, नव्या पाट्या मिळतात. त्याच्या रुग्णांना काय मिळते, हे पाहण्यासारखे असते.

आता या जुनाट जखमांवरील एका नव्या उपायाची चर्चा देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून चालू आहे. अतिसूक्ष्म तंतूंपासून बनवलेली ही पट्टी. तिला नॅनोतंतूंचे ड्रेसिंग म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर धरली, तर हे तंतू काहीशे नॅनोमीटरचेच असतात. ते काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. पिचकारीत एखाद्या बहुवारिकाचे द्रावण भरायचे, तिच्या सुईला हजारो व्होल्टचा विद्युद्दाब द्यायचा आणि समोर धातूचा पत्रा किंवा फिरते पिंप ठेवायचे. सुईच्या टोकाशी थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून अतिबारीक धार सुटते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा, पण त्याहून कितीतरी दाट असा थर साचत जातो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले, १९३४ मध्ये फॉर्महाल्स या संशोधकाने ती कापडधंद्याच्या दृष्टीने पुढे नेली, आणि त्या शंकूचे गणित केंब्रिजच्या टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले ते बरेच नंतर.

ते का वळले, हे समजून घेण्यासाठी जखम भरते कशी हे पाहावे लागेल. आपल्या कातडीखाली पेशींना आधार देणारे कोलॅजनच्या तंतूंचे एक जाळे असते. जखमेत ते तुटते. नव्या पेशींना पसरण्यासाठी ते पुन्हा विणले जावे लागते. साध्या जखमेत शरीर हे काम स्वतःच करते. जुनाट जखमेत मात्र दाह ओसरतच नाही. जंतू चिकट थर धरून बसतात, शरीरातीलच काही विकरे नवे विणकाम विणता विणता उसवून टाकतात आणि मधुमेहामुळे आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांतून रसद पोचत नाही. अशा जागी मूळ जाळ्याच्या जाडीचेच तंतू असलेली पट्टी ठेवली, तर पेशींना पाय रोवायला जागा मिळते, असा हा विचार. तिची छिद्रे एवढी बारीक की हवा आणि वाफ जाते, जंतू सहसा जात नाहीत; स्राव शोषला जातो, तरी जखम कोरडी पडत नाही. शिवाय तंतूंच्या पोटातच औषध भरून ठेवता येते, ते सावकाश झिरपत राहते. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, ही गोष्ट जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवली होती. आपल्याकडे मात्र जखमेला वारा लागू द्या, खपली धरू द्या, हा सल्ला अजून घरोघर दिला जातो.

या तंतूंसाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी दोन आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटतील. पहिला कायटोसन. कोळंबी आणि कुर्ल्या यांच्या कवचांतील कायटिनावर अल्कलीची प्रक्रिया करून तो मिळवतात. रक्त थांबवण्याचा आणि जंतूंची वाढ रोखण्याचा गुण त्याच्या अंगी आहे. अहमदाबादेतील एका कंपनीने रक्तस्राव थांबवणारी कायटोसनची पट्टी बाजारात आणलीही आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तो तयार करण्याचे तंत्र केव्हाच सिद्ध केलेले आहे. आमच्या किनाऱ्यावर कोळंबीची साले आजही दुर्गंधीचा विषय म्हणूनच चर्चेत येतात.

दुसरा पदार्थ हळद. हळदीतील कुर्क्युमिन या तंतूंत भरून त्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी केले आहेत. ते वाचताना आम्हांला हळदीचे पेटंट आठवल्याशिवाय राहत नाही. हळदीने जखम भरते, हा जणू नवा शोध आहे असे समजून मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचे पेटंट देऊन टाकले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. त्या लढ्याचे नेतृत्व करणारे परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे माशेलचे, आमच्या फोंडे महालातले. तो विजय गौरवास्पद होता यात संशय नाही. मात्र आजीच्या बटव्यातील हळद परक्याच्या हाती जाऊ दिली नाही, म्हणून ती आपल्या माणसाच्या जखमेपर्यंत शुद्ध, निर्जंतुक आणि मोजक्या मात्रेत पोचली असे होत नाही. पेटंट रद्द करणे हे कायदेशीर काम होते, ते पार पडले. पट्टी तयार करणे हे कारखानदारीचे काम आहे आणि ते बरेचसे अजून व्हायचे आहे.

या नव्या पट्ट्यांविषयी उत्साहाच्या भरात फार बोलले जाते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. त्यांच्याविषयीचा बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतील पेशींवरचा आणि उंदरांवरचा आहे. उंदराची जखम मुख्यतः कातडी आक्रसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. आणि निरोगी उंदराच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम म्हणजे पंधरा वर्षे मधुमेह भोगलेल्या शेतकऱ्याच्या तळव्यावरची जखम नव्हे. माणसांवर झालेल्या मोठ्या, काटेकोर चाचण्या थोड्या आहेत. काही उत्पादने परदेशांत बाजारात आली आहेत. अमेरिकेत रेस्ट्राटा या नावाच्या अशाच विद्युत्-कताईच्या जाळीला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा हे सारे केवळ स्वप्नरंजन आहे असे म्हणता येणार नाही. परंतु एखादे द्रव्य जखम भरायला मदत करते आणि एखादा माणूस बरा होतो, या दोहोंमध्ये फार मोठे अंतर असते. त्या अंतरात रक्तातील साखर असते, पायातील रक्ताभिसरण असते, रोज ड्रेसिंग बदलणारे हात असतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जखमेवर पडणारा शरीराचा भार असतो.

हा भाराचा मुद्दा आपल्याच देशात, कुष्ठरोग्यांच्या सेवेतून जगाला कळला, याचा विसर पडू नये. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याच्या पायाचे मांस काही मुळातच वाईट नसते; वेदना होत नाही म्हणून तो जखमेवरच चालत राहतो आणि जखम वाढत जाते. त्यांनी पायाला साच्यात बसवले, भार काढून घेतला, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरू लागल्या. पुढे मऊ रबराच्या चपला आल्या. मधुमेहाच्या पायाला आज जगभर जे प्लॅस्टर घालतात, त्याची परंपरा या कुष्ठसेवेशी जाऊन मिळते. पांढुर्ण्याहून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन त्याच मुलुखात उभे राहिले. कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही, असे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले खरे. तथापि जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि जंतू मेले तरी बधिर झालेला पाय जन्मभर बधिरच राहतो. याच पट्ट्यात आदिवासी व दलित समाजांत सिकलसेलचा आजार आहे, त्यातही कधी घोट्याजवळ न भरणारे व्रण होतात. त्यासाठीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथून सुरू झाले.

पण संख्येने आज सर्वांना मागे टाकले आहे ते मधुमेहाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत; प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के आहे. सर्व राज्यांत पहिला क्रमांक कोणाचा? गोव्याचा. २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याविषयी गोव्यातील दैनिकाने अग्रलेख का लिहावा असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी आपल्या घरातील जेवणाच्या पंगतीकडे एकवार पाहावे. मधुमेह्यांपैकी निदान पाचांतल्या एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाची जखम होते असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात त्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांची सुरुवात अशा जखमेनेच झालेली असते. म्हणजे पाय कापण्याआधी ते वाचवण्याची संधी बहुधा मिळालेली असते.

येथे आपल्या राज्यव्यवस्थेची एक विचित्र विसंगती समोर येते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी आहे. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण विभागातील उपचार तीत येत नाहीत. जुनाट जखमेचा रुग्ण तर मुख्यतः बाह्यरुग्णच असतो. दिवसाआड ड्रेसिंग, तीन-चार महिने. त्या प्रत्येक खेपेचे बसभाडे, बुडालेली मजुरी आणि पट्टीची किंमत त्याच्या खिशातून जाते. खिसा रिकामा झाला की खेपा थांबतात, जखम सडते आणि मग पाय कापण्यासाठी तो दाखल होतो. त्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार देते. ज्या अधिकाऱ्यांनी ही योजना आखली ते निर्दय होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या नजरेसमोर खाट होती, चालता रुग्ण नव्हता. परंतु पाय कापायला पैसे आणि पाय बांधायला नाही, हा हिशेब कोणत्याही वाण्याला पटणार नाही.

अशा व्यवस्थेत नॅनोतंतूंची पट्टी उद्या उत्तमातली उत्तम ठरली तरी ती प्रथम कोणाला मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मुंबईच्या दोन डॉक्टरांचे काम आम्हांला म्हणूनच या नव्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली आणि १९८५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरले. ते जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण किंचाळत नाही, आणि त्याला पैसे जवळजवळ पडत नाहीत. केळीच्या पानाने मधुमेहाची जखम बरी होईल असा याचा अर्थ नव्हे, भाजणे हा निराळा प्रकार आहे. पण ज्याच्या जखमेवर पट्टी बसायची आहे त्याची ऐपत किती, हा प्रश्न या दोघांनी संशोधनाच्या आरंभी विचारला, शेवटी नव्हे. नॅनोतंतूंवर काम करणाऱ्या आमच्या तरुण शास्त्रज्ञांनी तो आजच विचारावा. सौंसर-पांढुर्ण्याला कापूस पिकतो, सौंसरजवळच्या बोरगावात रेमंडची कापडगिरणी आहे. तंतूंची भाषा तेथल्या माणसांना परकी नाही. या पट्ट्यांच्या माणसांवरील चाचण्या मोठ्या शहरांतील खासगी इस्पितळांतच का व्हाव्यात? ज्या जिल्ह्यात जखमा आहेत, त्या जिल्ह्याच्या रुग्णालयात, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून आणि त्याची संमती घेऊन त्या व्हायला काय हरकत आहे?

तोवर हाती आहे ते तरी नीट वापरावे. तळव्याला नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा दोरा टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला स्पर्श कळतो का ते विचारायचे, एवढ्या तपासणीवरून पाय धोक्यात आहे की नाही याचा अंदाज येतो. हा दोरा नॅनो नाही, त्याला वीज लागत नाही, आणि तो वापरायला आशा कार्यकर्तीला शिकवता येते. अशी तपासणी किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षातून एकदा तरी नियमाने होते? मऊ तळव्याच्या चपला औषधाप्रमाणे लिहून दिल्या जातात का? देवळात अनवाणी जाण्याची आपली रीत आहे. जामसांवळीच्या हनुमंताचे दर्शन असो की मंगेशीचे, चैत्र-वैशाखातल्या दुपारी फरशी तापलेली असते, आणि बधिर पायाला चटका कळत नाही. फोड येतो तो रात्री दिसतो. मंदिर समित्यांनी अशा भाविकांसाठी धुतलेले कापडी मोजे ठेवले, पायवाटेवर पायघड्या अंथरल्या, तर भक्तीत तिळमात्र उणेपणा येणार नाही. लईराईच्या ज्या धोंडाला मधुमेह आहे, त्याने होमकुंडाकडे जाण्यापूर्वी आपले पाय डॉक्टरला दाखवावेत, असे आम्ही नम्रपणे सुचवतो.

सीमेचा प्रश्न उरतो. पांढुर्ण्याचा रुग्ण नागपूरला जातो, दोडामार्गचा बांबोळीला येतो. २०१८ च्या आरंभी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले होते. गोव्याच्या करदात्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण दोडामार्गच्या आजाऱ्याला दुसरी वाट नव्हती हेही तितकेच खरे. आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालते, ते दाखल झाल्यावर. ड्रेसिंगच्या खेपेला ते कामाचे नाही. यावर उपाय सीमेवर भांडण्यात नाही. तो पांढुर्णा, सौंसर, दोडामार्ग, पेडणे अशा प्रत्येक ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस चालणारी, एक प्रशिक्षित परिचारिका असलेली आणि पायाची जखम एवढेच काम करणारी खोली उघडण्यात आहे. त्या खोलीत स्वच्छ पाणी, निर्जंतुक कापूस, प्लॅस्टर, नायलॉनचा तो दोरा आणि साखर मोजण्याचे यंत्र एवढे असले तरी अनेक पाय वाचतील. नॅनोतंतूंची पट्टी जेव्हा खरोखरच चाचण्यांना उतरेल, तेव्हा ती ठेवायला कपाटही तेथे तयार असेल.

गोटमारीच्या बंदोबस्तासाठी नव्या जिल्ह्याचे प्रशासन दरवर्षी अनेक डॉक्टर आणि शेकडो पोलीस एका दिवसासाठी गोळा करते. त्यांपैकी एक परिचारिका वर्षभर या खोलीत बसवायला किती खर्च येईल, याचे अंदाजपत्रक जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या पोळ्याआधी भोपाळला पाठवावे. आणि मधुमेहात देशात पहिल्या आलेल्या आमच्या राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी पणजीत तेच काम त्याआधी उरकावे.